काल संध्याकाळचं हरीण आज सकाळी कसं सापडतं?

प्रश्न : ऑक्टोबरात मुलाकडे जर्मनीला गेले होते. हार्त्सच्या डोंगरात सकाळी फिरताना एक माणूस लांबलचक चामडी पट्टा धरून कुत्र्यामागे अगदी सावकाश चाललेला दिसला. मुलाच्या मित्राने सांगितलं, की आदल्या संध्याकाळी गोळी लागलेलं एक हरीण पळालं होतं, ते हा कुत्रा शोधतोय. रात्री पाऊस पडून गेला होता. मग रक्ताचा डाग तरी उरला कसा? शोधायचंच होतं तर रात्रीच का नाही शोधलं, त्या मुक्या जिवाला रात्रभर तडफडत का ठेवलं? आणि अशा कुत्र्याला रक्ताची चटक लागत नाही का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुमचे तीन प्रश्न वेगवेगळे दिसतात, पण तिन्हींच्या बुडाशी एकच समजूत आहे. कुत्रा रक्ताच्या वासावर चालतो, रक्त धुऊन गेलं की वास गेला, आणि वास गेला की कुत्र्याचं काम संपलं, अशी ती समजूत. नव्या शिकाऱ्यांतही ती बऱ्याच जणांची असते, तेव्हा तुम्ही एकट्या नाही. प्रत्यक्षात या कामात रक्ताला दुय्यम महत्त्व आहे. कसं, ते गोळी सुटते तिथपासून पाहू.

गोळी लागलेलं हरीण सिनेमातल्यासारखं जागच्या जागी कोसळतंच असं नाही. फुप्फुसातून गोळी आरपार गेलेलं हरीणसुद्धा पन्नास-शंभर मीटर धावतं आणि मग पडतं. ते बहुधा नुसत्या डोळ्यांनी सापडतं. खरी अडचण नेम चार बोटं चुकतो तेव्हा होते. गोळी पोटात लागली तर आतडी किंवा चरबी सरकून ते छिद्र आतूनच बुजतं. छिद्र अंगाच्या वरच्या बाजूला असेल तर रक्त बाहेर न येता आतल्या आत साठतं. पायाला किंवा जबड्याला लागलेलं हरीण सुरुवातीला थोडं रक्त सांडतं आणि नंतर कित्येक किलोमीटर कोरडं जाऊ शकतं. म्हणजे ज्या हरणांसाठी कुत्र्याची गरज सर्वांत जास्त, नेमकं त्यांच्याच मागे रक्त सर्वांत कमी असतं. रक्तावरच विसंबणारा कुत्रा या कामात फार पुढे जाणार नाही.

मग तो हुंगतो काय? हरीण धावतं तेव्हा खुरांखाली गवत चिरडतं, पाला दबतो, ओली माती उकरली जाते. चिरडलेल्या पानाला आणि उलटलेल्या मातीला आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वेगळा वास येतो आणि पुढचे काही तास सूक्ष्मजीव त्यात भर घालत राहतात. त्यावर हरणाचा स्वतःचा वास बसतो. जर्मनीच्या जंगलात सर्वांत जास्त दिसणारं रो हरीण आपल्या भेकराएवढं असतं. त्याच्या मागच्या पायांच्या खुरांमध्ये गंधग्रंथी असतात, त्यामुळे पावलागणिक जमिनीवर थोडा वास उमटत जातो. शिवाय अंगावरून सतत झडणारे त्वचेचे सूक्ष्म कण, केस, लाळ आणि असलंच तर रक्त किंवा जखमेतून गळालेला पोटातला चारा. या सगळ्याची मिळून जी गंधखूण तयार होते ती त्या एकाच हरणाची असते. त्याच वाटेने रात्रीत आणखी सहा हरणं गेली तरी ती पुसली जात नाही. लग्नघराच्या दारात शंभर चपला पडलेल्या असल्या तरी आपली जोडी आपल्याला ओळखू येते, तसाच हा प्रकार आहे. फक्त ओळख डोळ्यांऐवजी नाकाने पटते.

आणि नाकही साधं नाही. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साधारण ५० ते ६० लाख मानल्या जातात, कुत्र्याच्या नाकात २० ते ३० कोटी. कुत्रा हुंगताना सेकंदाला पाचेक वेळा श्वास आत-बाहेर करतो. बाहेर जाणारी हवा नाकपुडीच्या बाजूच्या फटींतून निघते, त्यामुळे समोरचा वास उडून जात नाही. हरीण कुठून आलं आणि कुठे गेलं, ही दिशासुद्धा त्याला कळते. बेलफास्टच्या पीटर हेपर आणि डेबोरा वेल्स यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसाच्या मागावर सोडलेल्या शिकवलेल्या कुत्र्यांना दिशा ठरवायला सलग पाच पावलं पुरली होती. प्रत्येक पाऊल आधीच्या पावलापेक्षा किंचित ताजं असतं आणि तेवढा फरक त्यांना पुरतो.

आता तुमचा पाऊस. थंड आणि दमट हवेत वास जमिनीलगत टिकून राहतो. वासाचा खरा शत्रू म्हणजे कडक ऊन, कोरडी जमीन आणि वारा. रात्रीची भुरभुर किंवा पहाटेचं दव या कामाला उलट उपकारक ठरतं. मुसळधार पावसाने रक्ताचे डाग धुऊन जातात आणि काम अवघड होतं हे खरं, पण उकरलेली माती आणि पाल्याखाली दबलेला वास त्यानेही पूर्ण जात नाही. ऑक्टोबरातल्या हार्त्समध्ये रात्रीच्या सरीनंतर सकाळी निघालेला कुत्रा म्हणजे परिस्थिती अगदीच वाईट नव्हती. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या माळरानावर हेच काम दहापट कठीण गेलं असतं.

रात्रीच का नाही शोधलं, हा तुमचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर ऐकायला जरा विचित्र वाटेल. पोटाला जखम झालेलं हरीण कोणी पाठलाग केला नाही तर दोन-चारशे मीटरवर झुडपात जाऊन बसतं. जखमेने अंग जड होतं, ते बसून राहतं आणि बहुतेक वेळा तिथेच मरतं. पण गोळी सुटल्यावर दहा मिनिटांत माणसं टॉर्च घेऊन मागे लागली तर ते भीतीच्या जोरावर उठतं आणि कित्येक किलोमीटर जातं. मग ते सापडण्याची शक्यता घटते आणि त्याचे हाल दिवसांवर जातात. म्हणून पोटाच्या जखमेत तीन-चार तास थांबायचं आणि अंधार पडला असेल तर उजाडेपर्यंत थांबायचं, असा अनुभवी लोकांचा नियम आहे. जर्मनीच्या संघीय शिकार कायद्याचं २२ अ हे कलम सांगतं, की जखमी जनावराला टाळता येण्याजोग्या वेदना होऊ नयेत म्हणून त्याला विनाविलंब मारलं पाहिजे. थांबणं या कलमाच्या विरुद्ध वाटतं, पण घाई केल्याने ते जनावर हातचं जाणार असेल तर थांबणं हाच त्यातल्या त्यात जवळचा रस्ता.

किती थांबायचं हे गोळी कुठे लागली यावर ठरतं, आणि ते जमिनीवर वाचता येतं. हरीण उभं होतं त्या जागी फिकट लाल, फेसाळ रक्त असेल तर जखम फुप्फुसाला आहे. गडद, तपकिरी झाक असलेलं रक्त यकृताचं. पातळ रक्तात हिरवट चोथा आणि आंबूस वास असेल तर पोटाची जखम. हाडाचे टोकदार तुकडे असतील तर पायाची. कापले गेलेले केससुद्धा अंगाच्या कोणत्या भागाचे आहेत ते ओळखता येतं. म्हणून शहाणा शिकारी ती जागा फांदी खोचून खूण करतो आणि तिथून मागे फिरतो. उतावळा शिकारी मित्रांना घेऊन तासभर तिथेच फिरतो. त्याच्या बुटांना लागलेलं रक्त मग दहा दिशांना जातं आणि दुसऱ्या दिवशी आलेल्या कुत्र्याला हरणाच्या एका मागाऐवजी बुटांचे दहा माग सापडतात. हे काम करणाऱ्यांना हरणापेक्षा अशा उत्साही मंडळींचा जास्त वैताग असतो आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

राहिला चटकेचा प्रश्न. रक्त चाखलेला कुत्रा पिसाळतो, माणसावर येतो, ही आपल्याकडची जुनी भीती. इथे शिकवणीचा सगळा रोख उलट्या बाजूला असतो. उत्साह सोडून संथपणा आणि जिभेऐवजी नाक, असं ते शिक्षण आहे.

पिल्लू आठ-दहा आठवड्यांचं असताना सुरुवात होते. हरणाच्या कातड्याचा तुकडा गवतावरून पाच-दहा मीटर ओढत न्यायचा आणि शेवटी पिल्लाच्या जेवणाची थाळी ठेवायची. पिल्लू नाक जमिनीला लावून थाळीपर्यंत जातं. मग अंतर वाढतं, वळणं येतात आणि ओढलेल्या कातड्याच्या जागी खास बूट येतात. या बुटांच्या तळाला हरणाचे खूर अडकवलेले असतात. माणूस ते घालून जंगलातून चालत जातो, म्हणजे जमिनीवर खुरांचा वास आणि दाब दोन्ही उमटतात. अधूनमधून काठीच्या टोकाला बांधलेल्या स्पंजने रक्ताचा ठिपका द्यायचा. खूर, रक्त आणि शेवटी ठेवायचं कातडं एकाच हरणाचं असेल तर उत्तम, कारण ‘याच एका हरणामागे जायचं’ हाच तर धडा आहे. शिकवणी पुढे सरकते तसं रक्त कमी करत नेतात आणि माग जुना होऊ देतात. आधी दोन तासांचा, मग रात्रभराचा, मग दीड-दोन दिवसांचा.

माग जुना का ठेवायचा, तर ताजा माग कुत्र्याला सोपा जातो. तो डोकं वर करून धावत सुटतो, हवेतला वास पकडतो आणि एक वळण चुकला की त्याला परत यायचं कळत नाही. जुन्या मागावर त्याला पाऊल न् पाऊल वाचावं लागतं. ही शिकवणी रोजही घेत नाहीत. आठवड्यातून एखादा माग पुरे. रोज दिला तर कुत्रा कंटाळतो आणि उरकायला लागतो. आणखी एक खुबी म्हणजे गळ्यातला रुंद पट्टा आणि दहाएक मीटरची ती चामडी दोरी. ती फक्त याच कामाला बाहेर काढतात. दोरी बांधली की आता काम आहे, खेळ नाही, हे कुत्र्याला कळतं.

सर्वांत कठीण परीक्षा नाकाची नसते. जुन्या, विरत चाललेल्या मागावर चालताना समोरून दोन मिनिटांपूर्वी गेलेल्या धडधाकट हरणाचा ताजा, दमदार वास येतो, आणि कुत्र्याने तो सोडून द्यायचा असतो. शिकारी जातीच्या प्राण्याकडून ही अपेक्षा केवढी मोठी आहे! जखमी आणि भेदरलेल्या जनावराचा वास निराळा येतो आणि मुरलेला कुत्रा त्यावरूनच भेद करतो, असं हे कुत्रे सांभाळणारे सांगतात. ते काही असो, ज्याला हा मोह आवरत नाही तो कुत्रा घरी कितीही गुणी असला तरी या कामातून बाद होतो.

जर्मनीत यासाठी रीतसर परीक्षा आहेत. शिकारी कुत्र्यांच्या संघटनांच्या एका प्रसिद्ध परीक्षेत माग किमान १,००० मीटर लांब आणि किमान २० तास जुना असतो, वरच्या पायरीवर ४० तासांहून जुना. आणि एवढ्या अंतराला रक्त फक्त पाव लिटर वापरायचं. माग दुसऱ्याच कोणी टाकलेला असतो, तो कुठून जातो हे कुत्र्याच्या मालकाला ठाऊक नसतं. यात एक मेख आहे. मालकाला वाट माहीत असली की तो नकळत दोरी त्या बाजूला ओढतो आणि कुत्रा नाकाऐवजी दोरीचं ऐकायला शिकतो. एरवी आपण कुत्र्याला आज्ञा पाळायला शिकवतो; इथे कुत्र्याचं ऐकायला माणसाने शिकायचं असतं, आणि दोघांत जास्त वेळ माणसालाच लागतो.

प्रत्यक्ष शोधाच्या वेळी कुत्रा दोरीच्या टोकाला पुढे आणि माणूस मागे असतो. कुत्रा भुंकत नाही, ओढाताण करत नाही. रक्ताचा थेंब किंवा हाडाचा तुकडा सापडला की थांबून दाखवतो. माणूस तिथे खूण करतो, म्हणजे पुढे माग हरवला तर या जागी परत येता येतं. हरीण मेलेलं सापडलं तर शोध तिथे संपतो. ते जिवंत असेल आणि उठून पळालं तर मात्र कुत्र्याला दोरीतून मोकळं करतात. तो त्याला गाठून अडवतो आणि माणूस येईपर्यंत जागेवर भुंकत राहतो, मग शेवटची गोळी. कुत्रा जोरात भुंकतो तो या एकाच टप्प्यावर. रानडुकराच्या शोधात हा टप्पा कुत्र्याच्या जिवावर बेततो, म्हणून आता अशा कुत्र्यांना सुळे सहजी आत शिरू नयेत अशी जाड संरक्षक जाकिटं घालतात आणि गळ्यात जीपीएसचा पट्टा असतो.

काही कुत्रे बिनदोरीचे जाऊन मेलेलं हरीण शोधतात. त्यांच्या गळपट्ट्याला बोटभर चामड्याचा तुकडा लोंबत असतो. हरीण सापडलं की कुत्रा तो तुकडा तोंडात धरून मालकाकडे परततो. तुकडा तोंडात असेल तर ‘सापडलं, चला’ आणि लोंबत असेल तर ‘नाही सापडलं’. निरोप पोचवायची याहून सुटसुटीत सोय माझ्या तरी ऐकण्यात नाही.

हरीण मिळाल्यावर तिथल्या जुन्या रिवाजाप्रमाणे शिकाऱ्याला झाडाची डहाळी देतात आणि तो तिचा तुकडा मोडून कुत्र्याच्या मालकाला देतो. कुत्र्याच्याही गळपट्ट्यात एक काडी खोचतात, शिवाय त्याला शिकारीतला घास मिळतो. ही तुमच्या ‘चटके’ची जागा, पण घास मालकाच्या हातून मिळतो, स्वतः तोडायचा नसतो. सापडलेल्या हरणाला फाडायला लागलेला कुत्रा या कामाला नालायक ठरतो.

मुळात इतकी हरणं मारायचीच कशाला, असं तुमच्या मनात आलं असेल. जर्मनीत दर हंगामात १० लाखांहून जास्त रो हरणं मारली जातात. लांडगे आता परतू लागले असले तरी हरणांना खाणारे मोठे प्राणी देशाच्या बऱ्याच भागांत नाहीत, आणि हरणं नव्या झाडांचे कोंब खाऊन टाकतात म्हणून वनखातंच संख्या आटोक्यात ठेवू पाहतं. हे पटो न पटो, एवढ्या गोळ्या सुटल्यावर काही चुकणारच, आणि चुकलेल्या प्रत्येक गोळीमागे कोणीतरी जायला हवं. ते बहुधा वनकर्मचारी किंवा स्वतःहून हे काम पत्करलेले लोक असतात. मोबदला अनेकदा पेट्रोलच्या खर्चापुरता. त्यांना नुसत्या शिकाऱ्यांचेच फोन येतात असंही नाही. तिथे गाडीला वन्यप्राणी धडकल्याच्या अडीच लाखांहून जास्त घटना वर्षाला विमा कंपन्यांकडे नोंदल्या जातात. गाडीला धडकून जंगलात शिरलेल्या हरणामागेही हेच कुत्रे जातात, तेही पुष्कळदा पहाटे तीनला आलेल्या फोनवरून. स्वीडनमध्ये तर हरणाच्या शिकारीला निघताना शिकवलेला कुत्रा दोन तासांत त्या जागी पोचेल अशी सोय आधी करून ठेवणं बंधनकारक आहे.

प्रश्न : आमच्याकडे डॅशहाउंड आहे. दिवसभर सोफ्यावर लोळतो. हे काम करणाऱ्या जातींत त्याचं नाव वाचून हसू आलं. खरंच का? आणि मग गावाकडचा कारवान, जो सशामागे वाऱ्यासारखा पळतो, तो या कामात उजवा नाही का ठरणार?
– एक वाचक, पुणे

उत्तर : हसू आवरा, तुमच्या सोफ्यावर खानदानी कामगार लोळतोय. डॅशहाउंड मूळचा जर्मनीचा, बिळात शिरून बिज्जूसारख्या बॅजर प्राण्याला गाठण्यासाठी घडवलेला. पण नाक जमिनीपासून वीतभरावर आणि चाल आखूड, त्यामुळे तो माग सोडून फार पुढे पळत नाही आणि मागचा माणूस धापा न टाकता चालू शकतो. अमेरिकेत १९७० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यात जॉन जेनेनी या इतिहासाच्या प्राध्यापकाने खरबरीत केसांचे डॅशहाउंड घेऊनच या कामाची सुरुवात केली. तोवर तिथे हरणामागे कुत्रा न्यायलाच बंदी होती. दोरीला बांधलेला कुत्रा शिकार करत नाही, शिकार शोधतो, हे पटवून द्यायला त्यांना बरीच वर्षं लागली.

निव्वळ याच कामासाठी घडवलेल्या जातीही आहेत. हॅनोव्हरच्या राजदरबारच्या शिकारखात्यात जोपासलेली हॅनोव्हरियन ही त्यांतली थोरली. नर तीस-चाळीस किलोचा, कपाळावर कायमच्या आठ्या. तिची संघटना १८९४ पासून आहे. डोंगरी मुलखासाठी तिच्यातूनच हलकी बव्हेरियन जात काढली. या कुत्र्यांचे पूर्वज बंदुकीच्या आधीच्या काळात धडधाकट हरणाचा माग काढत; कुत्र्याला दोरीला धरून चालायचं आणि शिकार कुठे बसलीय ते सरदाराला दाखवायचं. बंदूक आली, शिकार दुरून होऊ लागली, जखमी होऊन पळणारी जनावरं वाढली आणि कुत्र्याच्या त्याच नाकाला नवं काम मिळालं.

कारवानचं म्हणाल तर तो डोळ्यांनी शिकार करणारा कुत्रा. लांब पाय, खोल छाती, निमुळतं तोंड. समोर पळताना दिसेल त्यामागे तो सुटतो आणि दिसेनासं झालं की थांबतो. काल संध्याकाळी निघून गेलेल्या हरणात त्याला स्वारस्य नाही. ‘शिकारी कुत्रा’ हा एकच शब्द आपण दोघांनाही लावतो म्हणून घोटाळा होतो.

तुमच्या सोफाधारकाची परीक्षा घ्यायची असेल तर सोपी युक्ती आहे. खाटकाकडून बकऱ्याचे कच्चे पाये आणा, एक सुतळीला बांधा आणि सकाळी दव असताना मोकळ्या मैदानात वीस-पंचवीस पावलं ओढत न्या. शेवटी आवडीचा खाऊ ठेवा, पंधरा मिनिटं थांबा आणि लांब दोरी लावून कुत्र्याला सुरुवातीच्या जागी आणा. मग गप्प राहा. तो चुकेल, गोल फिरेल, तुमच्याकडे बघेल. बोट दाखवू नका. जमलं तर पुढच्या आठवड्यात एक वळण वाढवा. मात्र हौसेपोटी हरणाचा खूर किंवा कातडं कुठून मिळवायच्या भानगडीत पडू नका. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ते नुसतं बाळगणंही महागात पडतं.

प्रश्न : चंद्रपूरकडे रस्त्यावर गाडीची धडक बसलेली चितळं नेहमी दिसतात. ती लंगडत जंगलात जातात. आपलं वनखातं असे कुत्रे का वापरत नाही?
– एक वाचक, वरोरा

उत्तर : कुत्रे आहेत, पण त्यांचं काम निराळं आहे. २००८ पासून ट्रॅफिक आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडिया या संस्थांच्या पुढाकाराने अनेक राज्यांच्या वनविभागांना जर्मन शेफर्ड आणि बेल्जियन मॅलिनॉइस कुत्रे शिकवून दिले गेले. ते वाघ-बिबट्याची कातडी, हाडं, हस्तिदंत असा चोरटा माल हुंगून काढतात आणि गुन्ह्याच्या जागेपासून चोरट्या शिकाऱ्याचा माग घेतात. म्हणजे नाकाचं कसब तेच, पण शोध प्राण्याऐवजी माणसाचा.

जखमी चितळामागे कुत्रा न सोडण्याचं मुख्य कारण म्हणजे उद्देशच वेगळा आहे. जर्मनीतला शोध मेलेल्या हरणापाशी किंवा शेवटच्या गोळीवर संपतो, आणि कायद्याला तेच अपेक्षित आहे. आपल्याकडे चितळ मारायला बंदी आहे. ते पकडून उपचार करायचे असतात. आणि हरीण हा पकडायला फार नाजूक प्राणी. जिवाच्या भीतीने ते पळत सुटलं किंवा धडपडलं, की स्नायूंत आम्ल साठतं, स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यातून मूत्रपिंडं आणि हृदय निकामी होतं. जखम बरी होण्याजोगी असूनही ते पुढच्या काही तासांत किंवा दिवसांत मरतं. अशा जनावरामागे कुत्रा लावणं म्हणजे वाचवायला जाऊन मारणं. त्यात ताडोब्याच्या आसपास बिबट्याला कुत्रा आवडतो हे तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणून इथे भर अपघात होऊच नये यावर असायला हवा. पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या ४४ क्रमांकाच्या महामार्गाखाली प्राण्यांसाठी मोकळ्या वाटा बांधल्या आहेत आणि चितळांपासून वाघांपर्यंत प्राणी त्या वापरताना कॅमेऱ्यांत दिसले आहेत. जिथे अशी सोय नाही तिथे धडक बसल्यावर बचाव पथकाला बोलवायचं. नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर जखमी वन्यप्राण्यांसाठी उपचार केंद्रही आहे.

तुमच्या हातात असलेली गोष्ट म्हणजे १९२६ हा वनविभागाचा फोन क्रमांक. तो लावताना किलोमीटरचा दगड, वेळ, चितळ रस्त्याच्या कोणत्या बाजूला गेलं आणि कोणता पाय टेकत नव्हतं एवढं सांगा. गावातली कुत्री जवळ असतील तर हुसकावून लावा. हरीण बसलेलं दिसलं तर त्याच्या तोंडात पाणी घालू नका, घोळका करू नका, फोटोसाठी जवळ जाऊ नका. आणि ते झाडीत शिरलं असेल तर मागे न जाता, जिथून शिरलं त्या रस्त्याकडेच्या झाडाला एक रुमाल बांधून ठेवा. पथकाला यायला दोन तास लागले तरी शोध नेमका कुठून सुरू करायचा हे त्यांना कळेल, आणि तोवर ते चितळ बहुधा फार लांब गेलेलं नसेल.